नजर कागदावर

१

यंत्र खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, असा लीलाधरचा सिद्धांत होता. जळगावात पिंप्राळ्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला," असं शपथेवर सांगत लोक खोका आणून ठेवत, आणि उघडला की आत काय काय निघे! मुंग्या, उदबत्तीची राख, एकदा तर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू फ्लॉपीच्या फटीत घट्ट बसलेलं. 'आपोआप' हा शब्द ऐकला की लीलाधरला आधी माणसाचा संशय येई, यंत्राचा मागाहून.

म्हणून धुळ्याहून प्रमिलाबाईंचा फोन आला तेव्हाही तो मनातल्या मनात हसलाच.

"लीलाधरभाऊ, तुम्ही नवी सिस्टीम टाकून गेलात तेव्हापासून कॉम्प्युटर मधेच काळा पडतो," त्या म्हणाल्या. "आपोआप."

धुळ्यात पाचव्या गल्लीत चुडामण मास्तरांचा टायपिंग क्लास होता. निम्म्या शहराचे कारकून त्या क्लासने घडवले. मास्तर गेल्या वर्षी वारले आणि क्लास सूनबाईंकडे, म्हणजे प्रमिलाबाईंकडे आला. त्यांचे यजमान गुलाबराव भुसावळला रेल्वेत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आता टायपिंगला कोण विचारतो, हॉल तोतारामला सिमेंटच्या गोदामाला देऊन टाक आणि क्वार्टरवर राहायला ये. तोताराम हा गुलाबरावांचा चुलतभाऊ. तो मधूनमधून येऊन हॉलची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजून जायचा.

प्रमिलाबाईंना क्लास सोडायचा नव्हता. नाशिकची एक संस्था कॉम्प्युटर क्लासला मान्यता देत होती, पण यंत्रावर विंडोज पंच्याण्णव हवं ही तिची अट. मास्तरांनी शेवटी शेवटी घेतलेल्या जुन्या यंत्रावर नुसतं डॉस होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. त्यात मेमरी वाढवून विंडोज घालता येईल, असं छातीठोक सांगणारा लीलाधरच होता. मान्यता मिळाली तर क्लास राहणार, नाही तर सिमेंटच्या गोण्या. साहेब तपासणीला महिनाअखेरीस येणार होते.

२

पारोळा मागे टाकून एसटी धुळ्यात शिरली तेव्हा ऊन रणरणत होतं. क्लासच्या बाहेरच्या हॉलमध्ये दुपारची बॅच चालू होती. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा टाइपरायटरांचा एकच कडकडाट. कॉम्प्युटर आतल्या खोलीत. खोली लांबट, टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं, आणि खुर्चीच्या मागे पार दारापर्यंत मोकळी फरशी. डाव्या हाताला एक खिडकी, तीही उन्हामुळे अर्धी लोटलेली.

लीलाधरने खोका उघडला. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. व्हायरस शोधला. मीटरने करंट पाहिला. मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर मिठाचं पाणीही ओतून आला. सगळं जोडून यंत्र सुरू केलं, तर कसं देखणं चाललं! हिरव्यानिळ्या रंगाने खोली उजळली.

"आता तुम्ही बसा ताई, रोजच्यासारखं काम करा," तो म्हणाला.

प्रमिलाबाई बसल्या. उजव्या हाताच्या लाकडी स्टँडवर मजकुराचा कागद लावला आणि टाइप करू लागल्या. बोटं अशी चालत होती की लीलाधर बघतच राहिला. त्यांची नजर मात्र कागदावरून हलत नव्हती. ओळ संपली, पान संपलं, एकदाही त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

"चुकलं की काय ते बघत नाही का तुम्ही?"

"मास्तरांची शिस्त आहे भाऊ. नजर कागदावर, बोटं पट्ट्यांवर. वर पाहिलं की लय तुटते."

हे त्या सांगत असतानाच पडदा गेला. विंडोजच्या चुका लीलाधरला पाठ होत्या. निळा पडदा येतो, इंग्रजीत काहीतरी बडबडतो, मग माणूस यंत्र बंद करून पुन्हा लावतो. हे तसं नव्हतं. पंखा चालू, दिवा चालू, पडदा तेवढा मेलेला. नुसती काळी, फुगीर काच.

प्रमिलाबाईंनी तेव्हाही वर पाहिलं नाही. बोटं थांबवली आणि कागदाकडे बघतच म्हणाल्या, "गेला ना?"

इथे लीलाधरच्या मनात पहिली पाल चुकचुकली. पडदा न बघता हिला कळलं कसं?

३

त्याने खोका उचलून जळगावला नेला. दुकानात यंत्र रात्रंदिवस चालवलं. पोरांनी त्यावर पत्ते खेळले, गाणी वाजवली, दोघं एकदम बसून कीबोर्ड बडवला. शिंक नाही की खोकला नाही. सासरी रुसायचं आणि माहेरी फुगड्या घालायच्या, असला प्रकार. परत धुळ्याला आणलं, जोडलं, प्रमिलाबाई बसल्या आणि चहा यायच्या आत पडदा काळा.

आता लीलाधरची खात्री पटली. यंत्र तेच, सिस्टीम तीच, बदलली ती जागा आणि माणसं. जागा काही करत नाही. तेव्हा राहिली माणसं.

पहिला संशय तोतारामवर. पण तो कधी खोलीत शिरलाच नव्हता, हॉलच्या उंबऱ्यावरूनच मापं घ्यायचा. दुसरा संशय झाडलोट करणाऱ्या तानुबाईवर. वायरीत झाडू अडकवत असेल, ओल्या फडक्याने पुसत असेल. लीलाधरने तिला अंगणात गाठलं.

"मावशी, त्या कॉम्प्युटरला हात लावता का?"

"खोळ टाकस अन खोळ काढस, भाऊ. आखो काय?"

"काच पुसता?"

तानुबाई खराटा टेकवून उभी राहिली. "बठ्ठं पुससू. टेबल पुसस, खुर्ची पुसस. काच नही पुसत."

"का?"

"पुसाले लागस ते दखनं पडस," असं म्हणून ती पुन्हा झाडायला लागली. काच पुसायची तर बघावं लागतं, म्हणे! लीलाधरला वाटलं, म्हातारी कामचुकार आहे आणि बोलण्यात पटाईत.

म्हणजे राहिल्या प्रमिलाबाई. हा विचार त्याला आवडला नाही, पण हिशेब बरोबर जुळत होता. आयुष्यभर टाइपरायटर शिकवलेली बाई. तिला हे नवं खूळ मनातून नकोच असेल. नवऱ्याला 'नाही' म्हणवत नाही, स्वतःला 'हो' म्हणवत नाही, म्हणून पायाने हळूच वायर ओढत असेल आणि नाव माझ्या सिस्टीमचं खराब करत असेल. नाही तर पडद्याकडे न बघता 'गेला ना' कशी म्हणते? चोर पकडायचा तर पायाशी बसायला हवं.

४

"वायर सैल वाटते," अशी थाप मारून लीलाधर टेबलाखाली शिरला. गुडघ्यांवर बसून त्याने प्लग स्वतःच्या मुठीत धरला आणि प्रमिलाबाईंना टाइप करायला सांगितलं.

वर बोटं चालू झाली. खाली त्यांचे पाय त्याच्या नाकासमोर होते. साध्या चपला, जोडवी, दोन्ही टाचा फरशीला टेकलेल्या. पाय हलत नव्हते. प्लग मुठीत गरम होत होता. बाहेर हॉलमध्ये गारांचा आवाज चालू, आत एकाच कीबोर्डचा. मध्येच आतला आवाज थांबला.

"गेला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

प्लग जागेवर होता, मुठीतच होता. पाय तसूभर हलले नव्हते. लीलाधरने टेबलाच्या कडेने डोकं बाहेर काढून वर पाहिलं. काळ्या काचेत खोली दिसत होती. अर्धी खिडकी, खुर्चीवर मान कलती करून कागदाकडे बघणाऱ्या प्रमिलाबाई आणि त्यांच्या मागे उभा असलेला तो स्वतः. त्याने चडफडत प्लग सोडला आणि कपडे झटकत उठला. बाईंवर संशय घेतल्याची लाज वाटली. प्रमिलाबाईंनी मागवलेला चहा पिऊन त्याने एसटी गाठली.

एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. एरंडोलला गाडी थांबली, शेंगावाले चढले, पद्मालयाहून आलेली मंडळी प्रसाद वाटत होती. कोणीतरी त्याच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो तोंडात टाकताना लीलाधर थांबला.

तो खुर्चीच्या मागे उभा नव्हताच. तो टेबलाखाली गुडघ्यांवर होता.

मग त्याने वकिलासारखी स्वतःची उलटतपासणी घेतली. तानुबाई आली असेल. पण ती अंगणात होती, खराट्याचा आवाज येत होता. बॅचमधली एखादी मुलगी असेल. मग ती गेली कुठे? तो उठला तेव्हा दारापर्यंतची फरशी मोकळीच होती. कपाटाची सावली म्हणावी तर खोलीत कपाटच नाही. शेवटी त्याने ठरवलं की काच फुगीर असते, फुगीर काचेत काहीही दिसतं. हे उत्तर त्याला पटलं नाही, पण जळगाव येईपर्यंत त्याने तेच धरून ठेवलं.

५

पुढच्या खेपेला त्याने प्रमिलाबाईंना हॉलमध्ये पाठवलं. "एकेक भाग बदलून बघायचा असतो ताई. सगळे बदलून झाले. आता बसणारं माणूस बदलून बघू."

प्रमिलाबाई दारात घुटमळल्या. "कागद लावून ठेवलाय," एवढंच म्हणून त्या गेल्या.

हॉलमध्ये हार घातलेला मास्तरांचा फोटो येताजाता दिसायचा. काळी टोपी, गोल चेहरा, मिशीआड हसू. लीलाधरच्या मनात एक कल्पना घर करून बसली होती आणि ती त्याला उघड म्हणवत नव्हती. पण मास्तर असतील तर ठीकच आहे, असंही त्याला वाटून गेलं. देवमाणूस होता, सगळं गाव सांगतं. आपल्या क्लासमध्ये नवीन काय आलंय ते बघायला आला असेल.

तो बसला. त्याला दहा बोटांनी टाइप करता येत नव्हतं, दोन बोटांनी कोंबडीसारखं टिपत राहिला. पडदा उजळ होता. त्या उजेडात काचेत काहीच दिसत नव्हतं, स्वतःचं तोंडसुद्धा नाही. असाच बराच वेळ गेला. तो जरा सैलावला आणि पडदा गेला.

काचेत लीलाधर होता. घामेजलेला, तोंड उघडं. त्याच्या उजव्या खांद्यामागे कोणीतरी उभं होतं. उंच. शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या मागे उभा राहून वाकतो तसं वाकलेलं. त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ते लीलाधरच्या बोटांकडे बघत होतं.

लीलाधर झटक्यात मागे वळला. फरशी, दार, दारातून दिसणारा हॉल. कडकडाट जशाचा तसा चालू होता. माणसाने इथे उठून जावं, पण संशयी माणसाची खोड वाईट. खात्री केल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो पुन्हा काचेकडे वळला.

ते तिथेच होतं, तसंच वाकलेलं. मग हळूहळू त्याने मान वर उचलायला सुरुवात केली.

लीलाधरची नजर त्याला न विचारता खाली आली, उजवीकडे सरकली आणि स्टँडवरच्या कागदावर जाऊन बसली. 'मा. साहेबांच्या सेवेशी सविनय सादर करण्यात येते की.' तेवढीच ओळ तो वाचत राहिला, पुन्हा पुन्हा, प्रमिलाबाई आत येईपर्यंत.

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. "पाणी देऊ का भाऊ?" त्यांनी विचारलं. काय झालं हे विचारलं नाही.

६

अंगणातल्या सावलीत बसून लीलाधर पाणी प्यायला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "जुन्या सिस्टीमला कधी बंद पडला नाही. तेवढं मात्र खरं."

"डॉस होतं तेव्हा?"

"हो. तेव्हा पडदा सगळा वेळ काळाच असायचा."

लीलाधरने पेला खाली ठेवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि अक्षरांच्या मागे दिवसभर ती काच. आपण आलो आणि ती काठोकाठ उजेडाने भरून टाकली. जे तिथे दिसत होतं त्याला दिसायला जागाच ठेवली नाही. हा विचार डोक्यात आल्याबद्दल त्याने स्वतःला शिवी घातली. इतकी वर्षं मीटर हातात धरलेला माणूस मी, आणि विचार करतोय भगतासारखा.

"डॉसच परत टाकून देतो," तो म्हणाला.

"मग मान्यता कशी मिळेल? साहेबांना विंडोज पाहिजे."

हॉलच्या दाराशी तोताराम आलेला दिसत होता. या वेळी त्याच्यासोबत गोण्या ठेवायची फळ्यांची घडवंची करणारा सुतार होता आणि सुताराच्या हातात टेप होता. प्रमिलाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"नाही म्हणायला एक उपाय आहे," लीलाधर म्हणाला. त्याला आपलाच आवाज ओळखू येईना.

तो आत गेला. मान खाली ठेवून, नजर माउसच्या बाणाच्या टोकावर रोखून त्याने विंडोजचे रंग बदलले. मागचा पडदा काळा. चौकटी काळ्या. कागदाची पाटी काळी, तिच्यावर पांढरी अक्षरं. हिरवानिळा उजेड खोलीतून निघून गेला आणि खोली होती तशी झाली.

त्या दिवशी यंत्र दुपारभर चाललं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर चालूच. आठवडा गेला, चालूच. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. लीलाधरला मात्र घास गोड लागेना. बिघाड न सापडता दुरुस्ती झाली, असं त्याच्या धंद्यात आजवर झालं नव्हतं. आणि बिघाड गेला नव्हता, काचेत जे होतं त्याचं फक्त समाधान झालं होतं. हे त्याला पक्कं कळत होतं.

७

नाशिकचे साहेब तपासणीला आले, तेव्हा यंत्र चालवून दाखवायला लीलाधर मुद्दाम हजर होता. माउस त्याच्या हातात, खुर्चीवर तो. साहेब मागे उभे राहून बघत होते. मागे किती जण उभे आहेत ते लीलाधरने पाहिलं नाही.

"पडदा असा काळाकुट्ट का ठेवलाय हो?" साहेबांनी विचारलं.

"डोळ्यांना बरा पडतो साहेब. विद्यार्थ्यांना दिवसभर बघायचं असतं."

साहेबांना ते पटलं. त्यांनी यंत्राच्या पाठीवरचा नंबर टिपून घेतला, टाइपरायटरच्या रांगांचं कौतुक केलं, पोहे खाल्ले आणि मान्यतेवर सही करून गेले. तोताराम सुताराला न घेताच आला होता, तो पोहेही न खाता गेला. प्रमिलाबाईंनी भुसावळला फोन लावला आणि "नाही येत मी, क्लास चालू राहील," असं गुलाबरावांना इतक्या सहज सांगितलं की लीलाधरला त्या बाईचा अभिमान वाटला.

हॉल रिकामा झाल्यावर त्याने पिशवी भरली. पण पाय निघेना.

"ताई, एक विचारू? मास्तरच ना ते?"

प्रमिलाबाई एका टाइपरायटरवर खोळ घालत होत्या. त्यांनी ती नीट ओढून बसवली. "मास्तरांनी मला या घरात बोटं दिली भाऊ," त्या म्हणाल्या. "मास्तर असते तर मी केव्हाच वर पाहिलं असतं."

लीलाधरच्या हातातली पिशवी जड झाली. "मग राहू द्या हे," तो घाईने म्हणाला. "मी दुसरं यंत्र बघतो. जळगावात जुनं मिळेल."

"साहेबांनी याचा नंबर लिहून नेलाय."

"मग तुम्ही बसू नका. मुलींना बसवा."

"आणि मी दारात उभी राहू?" त्या पहिल्यांदाच जरा चिडल्या. "उद्या सकाळी पहिली बॅच आहे. मुली विश्वासाने येतात. जे बघायची माझी हिंमत नाही त्याच्यासमोर मी त्यांना नेऊन बसवायचं का?"

लीलाधरने पिशवी खाली ठेवली.

"टायपिंगला वर बघावं लागत नाही, म्हणून आजवर निभावलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "या माउसचं तसं नाही. पडदा बघितल्याशिवाय तो चालवताच येत नाही. चला, मला शिकवून जा."

आतल्या खोलीत त्यांनी यंत्र सुरू केलं आणि खुर्चीवर बसल्या. स्टँडवरचा कागद काढून पालथा ठेवला. लीलाधर बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काचेकडे त्याने पाहिलं नाही, फक्त त्यांच्याकडे बघत राहिला.

"माउस हातात धरा," तो म्हणाला. "आता बाण कुठे आहे ते बघा."

प्रमिलाबाईंनी मान वर केली.

त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, बराच वेळ. त्यांची नजर बाणावर नव्हती, बाणाच्या बरीच वर होती. मग त्यांचा डावा हात उठला. या बाईंनी डोक्यावर पदर घेतलेला लीलाधरने आजवर पाहिला नव्हता. तो त्यांनी सासरच्या वडीलधाऱ्यासमोर घ्यावा तसा नीट घेतला, कानामागे खोचला आणि नजर किंचित खाली आणली.

"सापडला बाण," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, मागच्याला उभं राहायला जागा व्हावी म्हणून.